नाव, गाव आणि कागद

मोटार चालविण्याचा परवाना काढावयास गेलेल्या माणसाला तेथे दोन प्रश्न विचारले जातात. तुला गाडी चालविता येते काय, हा पहिला. आणि तू कोण, राहतोस कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चाकामागे बसून घटकाभरात देता येते. दुसऱ्याचे उत्तर देता देता पुष्कळांचे जोडे झिजतात. जन्माचा दाखला आहे, पण त्यावर बाळाचे नाव नाही. शाळेचा दाखला आहे, पण त्यावरील आडनाव माहेरचे. विजेचे बिल आहे, पण ते घरमालकाच्या नावाचे. अशा तक्रारी आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत आणि बहुतेकांनी केल्याही आहेत. लोक याला कचेऱ्यांचा छळवाद म्हणतात. त्या छळवादाचे समर्थन मला करावयाचे नाही. परंतु हा दुसरा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे, आणि तो कोणी कोणाला कसा विचारला याला एक इतिहास आहे. तोच आजचा विषय.

आपल्याकडील जुन्या खेड्यात माणसाची ओळख कागदाने पटवावी लागत नसे, ती माणसांनी पटवावयाची असे. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे, गावचे आणि शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार जमत, जाणत्या म्हाताऱ्यांची साक्ष होई आणि झालेल्या निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजर हा कागदच, पण त्याचे वजन त्याच्या शेवटी असलेल्या निशाण्यांत असे. पाटलाची निशाणी नांगराची, शेट्याची तागडीची. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला त्यात कमीपणा वाटत नसे, कारण नांगर ही त्याची सही होती आणि त्याचा दर्जाही होता. हा मुद्दा जरा ध्यानात ठेवावा, कारण पुढे अंगठ्याची गोष्ट यावयाची आहे.

दुसरी एक व्यवस्था होती ती जामिनाची. जुन्या दप्तरांत जामिनाचे प्रकार आढळतात. त्यांतला हाजिर जामीन आपल्या विषयाला फार जवळचा आहे. अमुक माणूस बोलावू तेव्हा आणून हजर करीन, एवढीच हमी हा जामीन देत असे. तो माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न त्यात नव्हता. तो सापडेल की नाही, एवढाच होता. परवान्याच्या अर्जावर जो पत्ता लिहावा लागतो त्याचे मूळ मला येथे दिसते. पत्त्यावरून कोणाचे हात चाकावर किती स्थिर आहेत हे कळत नाही. रस्त्यावर कोणाला धक्का देऊन हा गृहस्थ निघून गेला, तर त्याला शोधावयाचे कोठे, हे कळते. पूर्वी जे काम जिवंत जामीनदार करी, ते आता घरपट्टीची पावती किंवा विजेचे बिल करते. जामीनदाराचे मन वळविता येत असे, बिलाचे येत नाही. उलटपक्षी जामीनदार माणसाला ओळखत असे, बिल ओळखत नाही.

गावाची वेस ओलांडली की मात्र कागद लागे. घाटांतून आणि चौक्यांवरून जावयाचे तर दस्तक किंवा राहदारीचा परवाना जवळ हवा. पुण्यासारख्या शहरात आले-गेले कोण यावर कोतवालीची नजर असे, आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या परक्याला आपण कोण हे सांगावे लागे. म्हणजे ओळखीचा कागद मुळात परक्याचा कागद होता. घरच्या माणसाला तो मागणे हा अपमान झाला असता.

पण माणसांनी पटविलेली ओळख तरी खात्रीची होती काय? मराठ्यांच्या इतिहासात याचे एक जबरदस्त प्रकरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. पुढे काही वर्षांनी उत्तरेत एक मनुष्य मीच भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला पुण्यास आणून चौकशी झाली, तो बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण असल्याचे ठरले आणि त्याची रवानगी कैदेत झाली. येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु १७७६ साली रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बंदीतून सोडले, भाऊ म्हणून त्याचा पुकारा केला, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले व हजारो माणसे त्याच्या बाजूस गेली. तोतया घाट चढून वर आला. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, पळून जाताना तो आंग्र्यांच्या हाती लागला, पुन्हा पुण्यास आणून त्याची चौकशी झाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही कथा पुणेकरांच्या घरोघर गेली.

या चौकशीत पुरावा कसला होता? भाऊसाहेबांना जवळून ओळखणारी माणसे, घरातल्या आतल्या गोष्टींचे प्रश्न, आणि त्यांची चुकलेली उत्तरे. छायाचित्र नाही, सही जुळविण्याचे शास्त्र नाही, बोटांचे ठसे नाहीत. पंधरा वर्षांत माणसाचा चेहरा बदलतो, लढाईच्या जखमांनी तर अधिकच बदलतो. तेव्हा हा तोच की काय, असे प्रामाणिक माणसालाही वाटणे अशक्य नव्हते. आणि ज्यांना तो भाऊच असावा अशी इच्छा होती, त्यांना तर पुरावा नकोच होता. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नव्हता आणि सौभाग्याची लेणी उतरविली नव्हती, हे साऱ्या राज्याला ठाऊक होते. तोतयाचे बळ त्या एका दुःखात होते. ओळख पटविणे हे पुष्कळदा ज्ञानाचे काम नसून इच्छेचे काम असते, हे या प्रकरणाने दाखविले; आणि म्हणूनच पुढच्या शतकातल्या राज्यकर्त्यांनी माणसाच्या साक्षीऐवजी त्याच्या शरीराचीच साक्ष घेण्याचा मार्ग धरला.

तो मार्ग बंगालात सापडला. १८५८ च्या जुलैत जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कराराच्या पाठीवर त्याच्या पंजाचा शाईचा ठसा घेतला. पुढे करार नाकारण्याची त्याला छाती होऊ नये, एवढाच हेतू. बंडाच्या वणव्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा रयतेच्या शब्दावरचा विश्वास पार उडाला होता, हे विसरू नये. पुढे १८७७ साली हुगळीस हर्शेलने पेन्शनदारांकडून आणि दस्त नोंदविणाऱ्यांकडून बोटांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी झाली. हजारो ठशांतून हवा तो चटकन काढता यावा अशी जी वर्गवारी जगभर हेन्री पद्धत म्हणून गाजली, ती बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांचा फार मोठा वाटा होता. १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती उचलली. हिंदुस्थानातून विलायतेस कापूस गेला, नीळ गेली, तसे हेही गेले.

पण आपल्या भाषेत काय झाले पाहा. नांगराची निशाणी करणारा पाटील होता. अंगठा उठविणारा ‘अंगठेबहाद्दर’ झाला. कागदावर जे चिन्ह माणसाच्या धंद्याचे होते ते गेले आणि निरक्षरतेचे चिन्ह आले. आणि अंगठा उठविताना कारकून आपल्या हाताने त्या माणसाचे बोट धरून दाबतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते वेगळे सांगावयास नको.

ठसा, नोंद आणि पत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र आणून कोणावर लादल्या असतील, तर त्या भटक्या जमातींवर. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून नोंदविता येऊ लागली. नोंदलेल्या माणसाने नेमलेल्या हद्दीत राहावे, बाहेर जावयाचे तर पास घ्यावा. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली आणि नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आपल्या सोलापुरास अशी मोठी वसाहत होती, तिला तारेचे कुंपण होते, आणि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कुटुंबांना तेथे हजेरी द्यावी लागे. त्या काळी सदाशिव पेठेतल्या वकिलाकडे ओळखीचा एकही कागद नसे आणि कोणी तो मागतही नसे. कुंपणातल्या माणसाकडे मात्र पास असे, ठसा असे, नोंदवहीत नाव असे. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि ही मंडळी विमुक्त झाली. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता मोटारीकडे. विलायतेत १९०३ च्या कायद्याने पाच शिलिंग भरले की परवाना मिळे. गाडी येते की नाही याची परीक्षा तेथे १९३५ मध्ये सक्तीची झाली, आणि परवान्यावर छायाचित्र यावयास तर १९९८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे काही प्रांतांनी आपापले कायदे केल्यानंतर १९१४ मध्ये साऱ्या देशासाठी मोटारींचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्याने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू नये, हे त्यात होते. पण अठरा पुरी झाली हे दाखवावयाचे कशाने? त्या काळी मोटारी मोजक्या, मालक ओळखीचे, आणि शोफर मालकाच्या ओळखीचा. त्यामुळे हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही.

१९३९ चा कायदा मात्र बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्यात एक कलम असे, की जो पगारी नोकर म्हणून गाडी चालविणार, किंवा भाडोत्री व मालाची वाहने चालविणार, त्याने अर्जासोबत आपल्या अलीकडच्या छायाचित्राच्या तीन स्पष्ट प्रती द्याव्यात. वैद्यकीय दाखलाही त्यानेच द्यावा. इतरांकडून तो मागावयाचा तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवावे. स्वतःची गाडी स्वतः चालविणाऱ्या मालकाला हे बंधन नव्हते. गाडी तीच, रस्ता तोच, चिरडला जाणारा पादचारीही तोच. पण चेहरा दाखवावयाचा तो नोकराने. वकील आणि कुंपणातला माणूस यांच्यातला फरक येथे सौम्य रूपाने पुन्हा आला. भाड्याच्या गाडीवर अनोळखी उतारू बसतो, म्हणून अधिक खबरदारी, असा याचा बचाव करता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पगारी शोफर हा मालकालाच घेऊन फिरत असतो. त्याच्या छायाचित्राला हा बचाव पुरत नाही.

वयाच्या पुराव्याची कथा तर मजेची आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा १८८६ साली झाला खरा, पण त्याखालची नोंद ऐच्छिक होती. देशभर सक्ती आली ती १९६९ च्या कायद्याने. तोपर्यंत बहुसंख्य मुलांच्या जन्माची नोंद एकच, आणि ती शाळेच्या रजिस्टरातली. बाप मुलाला घेऊन मास्तरांकडे जाई. जन्म कधीचा? तर मोठ्या पुराच्या साली, पेरणीच्या सुमारास. मास्तर मुलाकडे पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि १ जून लिहून मोकळे होत; शाळा जूनमध्ये उघडे ना! म्हणूनच महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एवढी दाटी आहे. या सभेतही काही असतील. मास्तरांचा तो एक अंदाज पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चढला, त्यावरून नोकरीत गेला, परवान्यावर गेला, आणि निवृत्तीच्या दिवशी त्याने माणसाला खुर्चीवरून उठविले. अंदाजाला शिक्का मिळाला की त्याचे सत्य होते, ते असे.

बायकांच्या नावाचा प्रश्न याहून अवघड. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता उत्तरेकडील अनेक भागांत स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद झाली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालावयाच्या नाहीत असे ठरविले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णय कठोर होता. माझ्या मते तो योग्यही होता, कारण पुढच्या खेपेस त्या बायकांना स्वतःचे नाव असणे भाग पडले. आमच्याकडे नाव सांगण्याची अडचण तेवढी नव्हती, पण लग्नात ते बदलण्याची रीत होती. आडनाव बदले, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येई, आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून मूळ नावही पालटले जाई. सोहळा गोड, पण परवान्याच्या खिडकीपाशी शाळेच्या दाखल्यावरची कुमारी आणि शिधापत्रिकेवरची सौभाग्यवती या एकच, हे सिद्ध करावयाचे तर विवाहाचा दाखला काढा, नाही तर राजपत्रात नावबदल छापून आणा. पुरुषाला या वाटेने जावे लागत नाही.

शिधापत्रिकेचे नाव निघालेच आहे. महायुद्धात धान्याची टंचाई झाली आणि १९४३ साली मुंबईस रेशनिंग सुरू झाले. माणशी किती दाणे द्यावयाचे हे ठरविण्यासाठी घरात माणसे किती, त्यांची नावे काय, हे लिहिलेले कार्ड निघाले. धान्याचा हिशेब यापलीकडे त्याचा हेतू नव्हता. पण सरकारी शिक्का, कुटुंबाची नावे आणि पत्ता एवढे एकत्र असलेला दुसरा कागद गरिबाच्या घरात नव्हताच. तेव्हा ज्याला त्याला हेच कार्ड दाखविले जाऊ लागले. मुंबईच्या झोपडपट्टीत तर कागदालाच छप्पर मानू लागले. १९७६ साली झोपड्यांची गणती होऊन फोटोपास दिले गेले. पुढे १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० पूर्वीपासूनचे राहणे सिद्ध करणाऱ्यासच संरक्षण, असे दिवस ठरले. पावसाळ्यात झोपडीतली भांडी भिजली तर चालतात, पण प्लॅस्टिकच्या पिशवीतले जुने रेशनकार्ड भिजू देत नाहीत, याचे कारण हे आहे.

१९८८ चा मोटारवाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे नियम आले तेव्हा हे सारे जुने कागद एका रांगेत उभे राहिले. चौथ्या नियमात वयाचा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, मतदारयादी, आयुर्विम्याची पॉलिसी, पारपत्र, सरकारी नोकराच्या पगाराची चिठ्ठी, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टराने दिलेला वयाचा दाखला अशी नावे आढळतात. यांतला एकही कागद परवान्यासाठी जन्मलेला नाही. एक धान्यासाठी, एक मतासाठी, एक परदेशी जाण्यासाठी, तर एक मेल्यानंतरच्या तरतुदीसाठी. (ज्याच्या जगण्यावर विमा कंपनीने पैसे लावले तो मनुष्य अस्तित्वात असलाच पाहिजे, असा तर्क यामागे असावा.) आणि यांतला एक काढावयास गेले की बहुधा दुसरा मागतात. यातूनच सुटण्यासाठी नियमात एक खिडकी ठेवली आहे: योग्य कारणामुळे यांतले काहीच देता येत नसेल, तर दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यापुढे शपथेवर केलेले प्रतिज्ञापत्र परवाना अधिकाऱ्याला घेता येते. जुन्या साक्षीची ही उरलेली काडी आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याच्यासाठी त्या योजनेत ओळख करून देणारा मनुष्य चालेल, अशी तरतूद होती. म्हणजे फिरून गोतातला साक्षीदार आला. दहाही बोटांचे ठसे घेतले गेले आणि अंगठेबहाद्दर व पदवीधर एका यंत्रापुढे बसले. मात्र शेतावर आणि बांधकामावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, आणि रेशनच्या दुकानातून त्यांना परतावे लागते. २०१६ च्या आधार कायद्यातच एक कलम आहे, की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा मानू नये. तिकडे शिधापत्रिकेविषयीही केंद्र सरकारच्या २०१५ च्या आदेशात म्हटले आहे की ती ओळखीचा वा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरू नये. हुकूम निघाले, सवय राहिली.

मोटारीच्या परवान्यापुरती थोडी सैलावणी झाली हे सांगितले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या राहत्या भागातल्याच कचेरीत अर्ज केला पाहिजे हे बंधन गेले, राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे जाता येऊ लागले. त्याच साली मालाची वा उतारूंची गाडी चालविणाऱ्याने आठवी उत्तीर्ण असले पाहिजे ही अटही उठली. हात तयार आणि दाखला नाही, अशा कित्येकांना तिने दाराबाहेर ठेवले होते.

आणि विमुक्त? ज्यांची नोंद एके काळी सरकारने जबरदस्तीने केली, त्यांच्यापैकी पुष्कळांना आज नोंद मिळत नाही. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालात या लोकांच्या कागदपत्रांच्या हलाखीचा प्रश्न मांडला. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा किंवा भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी या राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. ज्या जमातीला भटकी असे सरकारनेच नाव दिले, तिच्या माणसाला आजोबा त्या दिवशी कोणत्या गावी होते हे विचारावयाचे! पाल त्या रात्री कोठे होते, हे पालातल्या माणसांनाही स्मरत नाही.

२०२३ साली जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच ग्राह्य धरावयाचा; शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी आणि मोटारीचा परवाना या साऱ्यांसाठी. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाला यात सोयच आहे, सतरा कागदांच्या जागी एक कागद. रस्त्याकडेच्या पालात जन्मलेल्या मुलाची नोंद मात्र जेथे जन्म झाला त्याच हद्दीतल्या निबंधकाकडे, एकवीस दिवसांच्या आत व्हावयास हवी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तोवर पाल तीन तालुके पुढे गेलेले असते. या दुरुस्तीनंतर जन्मलेली पहिली मुले २०४१ च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांची होतील आणि परवान्याच्या खिडकीशी येऊन उभी राहतील.